चढलेला आयव्ही आधी, जमिनीवरचा नंतर

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

बागकामाच्या सदरांत ‘आयव्ही’ हा वेल अधूनमधून डोकावतो. कधी घरातली हवा शुद्ध करणारे कुंडीतले रोप म्हणून, कधी जुन्या दगडी इमारतींची शोभा म्हणून, तर कधी अमेरिकेतली जंगले गिळणारा परका वेल म्हणून. हवाशुद्धीचा दावा सोडला, तर हे मजकूर आपापल्या जागी बरोबर असतात. पण ज्याच्या अंगणात हा वेल खरोखर माजला आहे त्याने नेमके काय करावे, ते त्यातून कळत नाही. आपले वृत्तपत्र ऑनलाइन वाचणाऱ्यांत ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांत घर घेतलेले आणि घराबरोबर मागच्या उतारावरचा आयव्हीही पदरात पडलेले वाचक असणारच. हे पत्र मुख्यतः त्यांच्यासाठी. सांगायचे ते एवढेच, की हा वेल काढताना बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. जमिनीवरचा गालिचा उपसण्यात सगळे शनिवार-रविवार जातात आणि बी धरणारा वेल झाडावर तसाच राहतो.

आधी नावाचा गुंता. इंग्रजीत ज्याला त्याला आयव्ही म्हणायची खोड आहे. पॉयझन आयव्ही हा आयव्ही नाही; तो आपल्या बिब्ब्याच्या आणि आंब्याच्या कुळातला, आणि त्याचा चीक लागला तर बिब्बा उतल्यासारखेच अंग उठते. बोस्टन आयव्ही बोस्टनचाही नाही आणि आयव्हीही नाही. तो चीन-जपानकडचा, द्राक्षाच्या कुळातला. शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानाच्या भिंतीवर १९३७ साली लावलेला प्रसिद्ध वेल तोच. ‘डेव्हिल्स आयव्ही’ म्हणजे आपल्या दिवाणखान्यातला मनी प्लांट. आणि ‘आयव्ही गोर्ड’ म्हणजे चक्क तोंडली! हवाई बेटांवर तोंडलीचा वेल इतका फोफावला, की त्याला आवर घालण्यासाठी केनियातून आणलेला एक पतंग १९९६ साली आणि पाठोपाठ १९९९ साली सोंडकिड्यांच्या दोन जाती मुद्दाम सोडाव्या लागल्या. तेव्हा ‘परदेशी वेल म्हणजे वाईट’ एवढ्यावर हा विषय भागत नाही. कोणता वेल, कुठे आणि आयुष्याच्या कोणत्या अवस्थेत, हे पाहावे लागते.

खरा आयव्ही म्हणजे हेडेरा ही प्रजाती. लिनियसने १७५३ साली नाव दिलेली हेडेरा हेलिक्स ही तिच्यातली सर्वांत परिचित जाती, मूळची युरोप आणि पश्चिम आशियाची. हिमालयात आपली स्वतःची हेडेरा नेपालेन्सिस आहे. तिची पिकलेली फळे काळी नव्हे, पिवळी-नारिंगी असतात. तिसरी, आणि या पत्राच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची, हेडेरा हिबर्निका. ती आयर्लंड, ब्रिटनचा पश्चिम भाग, फ्रान्स, स्पेन आणि पोर्तुगालच्या अटलांटिक किनारपट्टीवरची. हेलिक्समध्ये गुणसूत्रे ४८, तर हिबर्निकामध्ये ९६. म्हणजे ही चतुर्गुणित, गुणसूत्रांचे दोनऐवजी चार संच असलेली जात आहे आणि तिची पाने साधारणपणे मोठी असतात.

अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर ‘इंग्लिश आयव्ही’ म्हणून जो वेल ओळखला जातो, तो बहुतेक ठिकाणी हा हिबर्निका आहे. सारा राइखार्ड आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या भागातल्या जंगलात शिरलेल्या आयव्हीचे नमुने तपासले, तेव्हा चार-पंचमांशाहून जास्त ठिकाणी हिबर्निकाच निघाला. उरलेल्या ठिकाणी हेलिक्सची लागवडीतली वाणे. यात नवल नाही. सौम्य, ओला, क्वचितच गोठणारा हिवाळा आयर्लंडमध्ये आहे, तसाच सिएटल आणि पोर्टलंडमध्येही आहे. वेलाला आपल्या गावासारखीच हवा मिळाली, फक्त गावातले शेजारी तेवढे बदलले.

दोघांत फरक ओळखायचा असेल तर दहापट भिंग घेऊन कोवळ्या शेंड्यावरची लव पाहावी. दोघांचेही केस चांदणीसारखे फाटे फुटलेले असतात. हेलिक्समध्ये ते फाटे पानापासून उभे राहतात, त्यामुळे शेंडा पांढुरका आणि खरबरीत दिसतो. हिबर्निकामध्ये फाटे पानाला समांतर चिकटलेले असतात. वेल काढण्याची रीत दोघांची एकच, पण कायद्याच्या यादीत नावे वेगवेगळी येतात, म्हणून हा तपशील.

आता मुख्य मुद्दा. आयव्हीचे आयुष्य दोन अवस्थांत विभागलेले आहे आणि या दोन अवस्था एकाच वेलावर एकाच वेळी असू शकतात. बाल्यावस्थेत पाने तीन ते पाच कोनांची असतात, फांद्या सरपटतात किंवा चढतात आणि अंधाऱ्या बाजूला आखूड मुळांचे दाट ब्रश फुटतात. ही मुळे झाडाचा रस पीत नाहीत. ती फक्त पकडून ठेवतात. त्यांतून सुमारे ७० नॅनोमीटर आकाराचे अतिसूक्ष्म कण असलेला चिकट द्रव झिरपतो, हे मिंगजुन झांग यांच्या गटाने २००८ साली दाखवले. हा द्रव सालीच्या किंवा विटेच्या बारीक भेगांत उतरून वाळतो. भिंतीवरून वेल ओढला की रंगाचे पापुद्रे का निघतात, ते यावरून कळावे.

हा वेल जमिनीवर कितीही वर्षे पसरत राहिला तरी सहसा फुलत नाही. उंच चढून भरपूर ऊन मिळाले, की साधारण दहा वर्षांच्या सुमारास प्रौढ अवस्था सुरू होते. पानांचे कोन जाऊन ती अखंड, पिंपळासारखी पण शेपटी नसलेली होतात. चिकट मुळे फुटायची थांबतात. फांद्या खोडापासून दूर, झुडपासारख्या बाहेर येतात. शरद ऋतूत हिरवट-पिवळ्या फुलांचे गोल झुबके लागतात. कोथिंबीर फुलावर आली की जसा छत्रीसारखा फुलोरा दिसतो, तसलीच ही रचना. आयव्हीचे कूळ कोथिंबीर-गाजराच्या कुळाला जवळचे आहे. हिवाळा संपता संपता काळी फळे पिकतात. ती पक्षी खातात, गर पचतो, बिया विष्ठेतून दूर जाऊन पडतात. अमेरिकेत हे काम रॉबिन, सीडर वॅक्सविंग आणि स्टार्लिंग करतात. यांतला स्टार्लिंग हा स्वतःच युरोपातून आणून १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये सोडलेला पाहुणा. दोन जुने ओळखीचे परक्या मुलखात पुन्हा भेटले म्हणायचे.

बी पडले, की नदीच्या घळीत, उद्यानात, कुंपणापलीकडच्या राखीव रानात नवीन वेल सुरू होतो. जमिनीवरचा वेल आपल्या कुंपणापर्यंत पोहोचायला वर्षे घेईल. झाडावरचा वेल एका हंगामात कुठेही पोहोचतो. म्हणून आधी चढलेला तोडायचा. त्यात आणखी एक फायदा आहे. आयव्हीचे बी जमिनीत वर्षानुवर्षे सुप्त पडून राहणारे नाही. फळे बंद झाली, की नवीन रोपांचा ओघ लवकर आटतो. पुढे जे येते ते शेजाऱ्याकडून.

युरोपात हाच वेल कोणाला नकोसा नाही. तिथे शरदातल्या उशिरा फुलांवर कीटकांची गर्दी उसळते. १९९३ साली स्वतंत्र जाती म्हणून वर्णिलेली ‘आयव्ही बी’ ही मधमाशी तर प्रामुख्याने याच फुलांच्या परागावर पिल्ले वाढवते. २००१ साली ती ब्रिटनमध्ये प्रथम आढळली. पानझडी झाडांच्या उघड्या खोडांवर पक्ष्यांना आसरा मिळतो, ऐन टंचाईत फळे मिळतात. तिथल्या निसर्गप्रेमींना ‘आयव्ही तोडा’ म्हटले तर ते भांडायला उठतील, आणि त्यांचे बरोबरच आहे.

वायव्य अमेरिकेत गणित बदलते. तिथल्या शहरांलगतच्या रानांत बिगलीफ मेपल आणि रेड अल्डर ही पानझडी झाडे पुष्कळ. हिवाळ्यात ती उघडी पडतात, तेव्हा सदाहरित आयव्हीला खाली भरपूर उजेड मिळतो आणि थंडी सौम्य असल्याने तो वाढतच राहतो. खालचे ट्रिलियम, नेचे आणि झाडांची रोपे त्या गालिच्याखाली दबतात. म्हाताऱ्या मेपलच्या जागी नवीन झाड यायला वाव राहत नाही. खरा तोटा हा, आणि तो दिसायला दशके लागतात. वर चढलेला वेल झाडाचा रस शोषत नाही, हे खरे. पण वजन वाढवतो, फांद्यांच्या पालवीवर सावली धरतो आणि हिवाळी वादळात शिडासारखा वारा पकडतो. पूर्वेकडच्या राज्यांत आणखी एक भर: एल्म, ओक आणि मेपलच्या पानांना करपवणाऱ्या झायलेला जीवाणूला आयव्ही आसरा देतो.

पोर्टलंडचे फॉरेस्ट पार्क सुमारे ५,२०० एकरांचे. तिथे १९९४ पासून ‘नो आयव्ही लीग’ या नावाने स्वयंसेवक आयव्ही काढत आले आहेत. नामांकित विद्यापीठांच्या ‘आयव्ही लीग’ला मारलेला हा टोला आम्हाला फार आवडतो. ओरेगनने २०१० साली इंग्लिश आयव्हीच्या विक्रीवर, लागवडीवर आणि वाहतुकीवर बंदी घातली. वॉशिंग्टन राज्याच्या तणांच्या यादीत मात्र सरसकट आयव्ही नाही. ‘क’ वर्गात चार वाणांची नावे आहेत: हेलिक्सची बाल्टिका, पिट्सबर्ग आणि स्टार, आणि चौथे हिबर्निका. ‘क’ वर्ग म्हणजे राज्याची सक्ती नाही. काउंटीने ठरवले तर बंधन येते. आपली काउंटी काय म्हणते, हे तिच्या तण-नियंत्रण कार्यालयाकडून विचारून घ्यावे.

आता झाडावरचा वेल काढण्याची रीत. लागणारी हत्यारे थोडकी: लॉपर (फांद्या तोडायची लांब दांड्यांची कात्री), घडीची छाटणी करवत, आणि साल न दुखवता वेल उचकटायला एक सपाट पहार किंवा मोठा स्क्रूड्रायव्हर. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जाड हातमोजे घालावेत. आयव्हीच्या चिकात फाल्कारिनॉल असते आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाही. पुरळ लगेच न येता एक-दोन दिवसांनी येते, त्यामुळे लोक दोष भलत्याच गोष्टीला देतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कामाला हात घालण्याआधी गालिच्यात पॉयझन आयव्हीचा भाऊबंद पॉयझन ओक मिसळलेला नाही ना, हे पाहावे. पश्चिम किनाऱ्यावर तीन पर्णिकांचा तो असतो, पूर्वेकडे पॉयझन आयव्ही. हिवाळ्यात त्यांची पाने झडलेली असतात, पण उघड्या काड्यांचा चीकही तितकाच बाधतो.

खोडाभोवती दोन ठिकाणी वेल तोडायचा, एकदा छातीच्या उंचीवर आणि एकदा घोट्याजवळ. मधला सगळा पट्टा उचकटून काढायचा. एकच काप घेऊन थांबू नये. तोडलेली टोके समोरासमोर राहिली, की कोणता दांडा सुटला ते दिसत नाही, आणि खालचे टोक पुन्हा फुटून वरच्या मेलेल्या वेलालाच शिडी करून चढते. मधला पट्टा मोकळा असला, की सुटलेला दांडा लगेच नजरेत भरतो. डग्लस फरच्या खोल खाचा असलेल्या सालीत बोटाएवढे दांडे लपून बसतात. खाचांतून पहारीचे टोक फिरवून खात्री करावी. मनगटाएवढे जुने दांडे करवतीने तोडताना पाते सालीला लागू देऊ नये. सालीखालचा जिवंत थर खोडाभोवती कापला गेला तर वेलाबरोबर झाडही जाईल. दांडा आधी पहारीने थोडा उचलावा, मागे लाकडाची चीप सरकवावी आणि मग कापावा.

वरचा वेल खाली ओढायचा नाही. हा मोह जवळजवळ प्रत्येकाला होतो. ओढल्यावर वाळकी फांदी, गांधीलमाश्यांचे पोळे किंवा सालीचा तुकडा डोक्यावर येतो, आणि मिळत काहीच नाही. मुळांपासून तुटलेला वेल काही आठवड्यांत मलूल होतो, काही महिन्यांत तपकिरी पडतो आणि पुढच्या दोन-चार वर्षांत आपोआप गळतो. दोन महिन्यांनी वर एखादा भाग अजून हिरवागार दिसला, तर बहुधा एक दांडा सुटला आहे. क्वचित झाडाच्या ढोलीत साचलेल्या कुजक्या मातीत वेलाने वरच मुळे धरलेली असतात. ते काम आणि विजेच्या तारांजवळचे झाड प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञावर सोपवावे.

मग खोडाभोवती दीड ते दोन मीटर त्रिज्येची जमीन मुळांसकट मोकळी करायची. हे वर्तुळ म्हणजे पुढचा वेल किती जवळ आला, हे दाखवणारी मोजपट्टी. वर्षातून दोनदा फेरी मारून आत शिरलेले दांडे उपटले की पुरे. सगळ्या बागेतला आयव्ही काढायला वेळ नसेल, तरी झाडांभोवतीची वर्तुळे करून ठेवावीत. इतके केले तरी त्या बागेतून बी बाहेर जाणे थांबते. मात्र कुंपण, भिंत आणि वठलेले बुंधे विसरू नयेत. उन्हातल्या सहा फुटी कुंपणावरही वेल प्रौढ होऊन फळतो.

झाडे मोकळी झाली, की मगच जमिनीकडे वळावे. इथे हंगामाचे गणित महत्त्वाचे. कोरड्या उन्हाळ्यात माती कडक असते. वेल वरून तुटतो आणि मुळे आत राहतात. भर हिवाळ्यात मुळे सहज निघतात, पण उपसलेले ढीग पावसात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. वसंतात जमिनीलगत घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी-पिल्ले असतात. राहता राहिला शरदातला पहिल्या पावसानंतरचा काळ. माती मऊ असते, घरटी रिकामी असतात, आणि मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक रोपे लावायचाही तोच मोसम. झाडावरचा वेल तोडायला मात्र असला मुहूर्त लागत नाही. फळे पिकण्याआधी केव्हाही तोडावा, फक्त वापरातले घरटे दिसले तर ते झाड तेवढे पुढे ढकलावे.

सपाट जागी दोघांनी मिळून सतरंजी गुंडाळावी तसा गालिचा गुंडाळत जाणे सर्वांत सोपे. दीड-दोन मीटर रुंदीचा पट्टा दोन्ही बाजूंनी कापून घ्यावा, एका टोकाला उचलून आतल्या बाजूला लोटत जावे आणि अडकलेली मुळे खुरप्याने किंवा दाताळ्याने सोडवत राहावे. मुळे बहुतांशी वरच्या थरातच असतात, ओढ कमरेतून न देता गुडघ्यांतून द्यावी. गुंडाळी फार मोठी होऊ देऊ नये. ओला आयव्ही भलताच जड असतो. गालिच्यात एखादे स्थानिक झुडूप तग धरून असेल, तर त्याच्याभोवती आधी हाताने मोकळे करून मगच पट्टा ओढावा, नाहीतर तेही गुंडाळीत जाते.

तीव्र उतारावर हे असे करू नये. आयव्ही माती धरून ठेवतो हा समज आहेच. प्रत्यक्षात उथळ मुळांचा तो थर वरच्या वर राहतो आणि मोठ्या पावसात मातीसकट घसरू शकतो. पण तो एकदम काढून उतार उघडा टाकला तर माती नक्की वाहते. समपातळीवर आडवे पट्टे आखावेत, एक आड एक पट्टा काढावा, त्यावर लगेच आच्छादन घालावे आणि रोपे लावावीत, आणि ती रुजली की उरलेले पट्टे घ्यावेत. घर कड्याच्या काठावर असेल तर आधी भूगर्भतज्ज्ञाला विचारावे.

उपसलेल्या वेलाचे काय करायचे, इथे अर्धी मेहनत वाया जाते. पेर असलेला प्रत्येक तुकडा ओल्या मातीला टेकला की मुळे धरतो. म्हणून ढीग ताडपत्रीवर किंवा आडव्या ओंडक्यांवर रचावा. पसरट नव्हे, उंच. मुळे वर आणि पाने खाली. काही आठवड्यांनी उलथापालथ करावी. दांडा वाकवल्यावर कट्‌कन मोडला तर मेला, लवला तर जिवंत. फळे असलेले झुबके वेगळे काढून पिशवीबंद करून पालिकेच्या बागकचऱ्यात द्यावेत. घरच्या खतखड्ड्याची उष्णता त्यासाठी भरवशाची नसते. गवत कापायचे दोरीचे यंत्र आयव्हीवर चालवू नये. ते वेल मारत नाही, त्याची कलमे करून चहूकडे फेकते.

मोकळ्या जागेवर जाड पुठ्ठ्याचा थर आणि त्यावर २० सेंटिमीटर लाकडी ढलप्या घातल्या, की उरलेल्या मुळांचे फुटवे बरेच दबतात. पुठ्ठे एकमेकांवर हातभर चढवावेत, वेल नेमका सांध्यातून वर येतो. खोडाला चिकटून आच्छादन घालू नये, बुंधा कुजतो. लागवडीला सोर्ड फर्न, ओरेगन ग्रेप, सलाल, स्नोबेरी ही त्या भागातली रोपे चालतात. मोकळी सोडलेली जागा ब्लॅकबेरी बळकावते आणि मग आयव्ही बरा होता म्हणायची पाळी येते. पहिल्या दोन-तीन वर्षांत दर हंगामात एकदा फुटवे उपटत जावे. काम तिथेच बिघडते. लोक एकदा जिवापाड राबतात आणि दुसऱ्या वर्षी बघतसुद्धा नाहीत.

तणनाशकाबद्दल थोडक्यात. आयव्हीचे पान मेणचट असते. साधा फवारा ओघळून खालच्या चांगल्या झाडांवर जातो. ग्लायफोसेट किंवा ट्रायक्लोपिर वापरायचेच असेल, तर जाड दांड्याच्या ताज्या कापावर, काही मिनिटांच्या आत, ब्रशने लावणे हाच त्यातल्या त्यात नेमका मार्ग. कापाचे तोंड सुकले की औषध आत जात नाही. आधाराच्या झाडाच्या सालीला ते लागू देऊ नये. मात्रा लेबलवर असेल तीच. अमेरिकेत लेबलबाहेर वापर करणे कायद्याने गुन्हा आहे. ओढ्याकाठी तर पाण्यालगत वापरण्यास मान्यता असलेलेच मिश्रण चालते. अंगणाएवढ्या जागेत हात आणि पहार पुरतात, असे आमचे मत. मीठ टाकू नये. वेल टिकतो आणि माती जाते. शेळ्या पाने आवडीने खातात, पण मुळे खात नाहीत, म्हणजे त्या गेल्या की वेल परत येतो; मोठ्या उतारावर पहिला हात फिरवण्यापुरता त्यांचा उपयोग. तोंडलीसाठी सोडला तसा एखादा कीटक आयव्हीसाठी अजून कोणी सोडलेला नाही.

राहिला कुंडीतला आयव्ही. हवा शुद्ध होण्याचा दावा मुख्यतः १९८९ सालच्या नासाच्या एका प्रयोगावरून आला. तो प्रयोग छोट्या बंदिस्त पेट्यांत झाला होता, दारे-खिडक्या असलेल्या घरात नव्हे. रोप आवडत असेल तर खुशाल ठेवावे, पण टांगलेल्या कुंडीत. फांद्या जमिनीला किंवा भिंतीला टेकू लागल्या की छाटाव्यात. छाटलेले तुकडे आणि कंटाळा आलेली कुंडी मागच्या घळीत रिकामी करू नये. रानात शिरायची आयव्हीची ती जुनी वाट आहे. आणखी एक, आपल्या लोकांसाठी मुद्दाम: खोकल्याच्या काही औषधांत आयव्हीच्या पानांचा प्रमाणित अर्क असतो, हे वाचून कोणी अंगणातली पाने उकळून काढा करू नये. पानांत आणि फळांत सॅपोनिन असतात, त्यांनी उलट्या-जुलाब होतात. काळी फळे मुलांच्या हाताला लागतील अशा उंचीवर असतील, तर झाडाच्याही आधी तो कुंपणावरचा झुबका छाटावा.

आपले,
वनस्पतीशास्त्राचे दोन अभ्यासक वाचक